पुस्तक सुचवायचं कसं? नव्या वाचकमित्रांसाठी

‘एखादं चांगलं पुस्तक सांगा ना,’ असं कोणी म्हटलं की बहुतेक जण स्वतःला सगळ्यात जास्त आवडलेल्या पुस्तकाचं नाव सांगून मोकळे होतात. ते नाव ऐकणाऱ्याच्या वहीत किंवा फोनमध्ये उतरतं आणि तिथेच पडून राहतं. पुस्तक बहुधा चांगलंच असतं. पण समोरच्याला काय हवंय हे विचारलेलं नसतं, आणि हे पुस्तक त्याच्यासाठीच का, हे सांगितलेलं नसतं. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, त्यातली तीन इथे थेट लागू पडतात: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, आणि वाचकाचा वेळ वाचावा. ग्रंथालयात हे काम ग्रंथपाल करतो. वाचकमित्रांमध्ये ते आपल्यालाच करावं लागतं, आणि सरावानं ते चांगलं जमतं.

पहिली पायरी: नाव सांगण्याआधी विचारा

‘तुला काय आवडतं?’ हा प्रश्न टाळा. त्याला ‘काहीही चालेल’ असंच उत्तर मिळतं, आणि काहीही चालणारा वाचक अजून कोणी पाहिलेला नाही. त्याऐवजी प्रत्यक्ष वाचलेल्या पुस्तकांबद्दल विचारा. तीन प्रश्न पुरतात.

१. अलीकडे शेवटपर्यंत वाचलेलं पुस्तक कोणतं, आणि त्यातलं काय लक्षात राहिलं?
२. अर्ध्यावर सोडलेलं पुस्तक कोणतं, आणि साधारण कुठे सोडलं?
३. सध्या वाचायला वेळ कधी आणि किती मिळतो?

या तिघांत दुसरा प्रश्न सगळ्यात उपयोगी. आवडलेल्या पुस्तकाबद्दल माणसं थोडं मोघम बोलतात, पण सोडलेल्या पुस्तकाबद्दल नेमकं सांगतात. ‘नावं इतकी होती की कोण कोणाचा भाऊ ते कळेना,’ ‘पन्नास पानं झाली तरी काही घडेचना,’ ‘सगळं दुःखच दुःख.’ पहिल्या तक्रारीवरून कळतं की कमी पात्रांचं पुस्तक हवं. दुसरीवरून कळतं की सुरुवात वेगवान हवी. तिसरीवर मात्र लगेच विनोदी पुस्तकाकडे धावू नका. त्या वाचकाला गंभीर विषय चालत असेल, फक्त मध्ये कुठेतरी श्वास घ्यायला जागा हवी असेल. म्हणून आणखी एक प्रश्न विचारा: दुःखी असूनही आवडलं, असं एखादं पुस्तक आहे का?

वेळेचा प्रश्न लोक विसरतात आणि शिफारस तिथेच फसते. ताशी तीस पानांचा वेग धरला तर रोज वीस मिनिटं वाचणाऱ्याची दिवसाला दहा पानं होतात. ३०० पानांचं पुस्तक त्याला महिनाभर पुरेल, ९०० पानांचं तीन महिने. तीन महिन्यांत पहिल्या भागातली पात्रं विसरायला होतात, मग मागे जाऊन बघावं लागतं, मग कंटाळा येतो. अशा वाचकाला छोट्या प्रकरणांचं पुस्तक, कथासंग्रह किंवा ललित लेखांचं पुस्तक द्यावं. प्रवासात उभ्यानं वाचणाऱ्याला जाडजूड पक्क्या बांधणीचा ग्रंथ सुचवून उपयोग नाही, मग तो कितीही थोर असो. रात्री झोपण्यापूर्वी वाचणाऱ्याला बारीक अक्षराची जुनी प्रत त्रास देते.

दुसरी पायरी: वाचक कोणत्या दारानं आत शिरतो ते ओळखा

विषयावरून पुस्तक जुळवायला जाऊ नका, किंवा निदान फक्त विषयावरून तरी जुळवू नका. एखाद्याला युद्धावरची एक कादंबरी आवडली म्हणून युद्धावरच्या आणखी चार सांगितल्या, असं नेहमी होतं. त्याला त्या कादंबरीतल्या दोन मित्रांचं नातं आवडलेलं असतं, युद्धाशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. म्हणून त्या चारही पडून राहतात.

अमेरिकी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी यासाठी एक सोपी मांडणी केली आहे. पुस्तकात शिरायला चार दारं असतात: गोष्ट, पात्रं, परिसर आणि भाषा. प्रत्येक पुस्तकात चारही दारं असतात, पण एखादं सताड उघडं असतं, एखादं जेमतेम किलकिलं. वाचकाचंही एखादं ठरलेलं दार असतं.

वाचक बोलतो कसा, यावरून दार ओळखता येतं. ‘पुढे काय होतंय म्हणून रात्री दोनपर्यंत जागलो’ म्हणणारा गोष्टीच्या दारानं आलेला. ‘ती आजी अजून डोळ्यांसमोर आहे’ म्हणणारी पात्रांच्या दारानं. ‘ते गाव मी पाहून आलोय असं वाटलं’ हा परिसर. आणि जो पुस्तकातली वाक्यं फोनवर टिपून ठेवतो, इतरांना वाचून दाखवतो, तो भाषेसाठी वाचतो. भाषेच्या दारानं येणाऱ्याला गोष्ट संथ असली तरी चालते. गोष्टीच्या दारानं येणाऱ्याला नितांतसुंदर वर्णनाची वीस पानं दिलीत, तर तो ती उलटून पुढे जाईल. दोघंही आपापल्या जागी चोख वाचक आहेत. एकाची आवड वरची आणि दुसऱ्याची खालची असं मानणारा माणूस चांगली शिफारस करू शकत नाही, कारण तो समोरच्याला सुधारायला बघतो.

चरित्रं, प्रवासवर्णनं, इतिहास यांनाही ही दारं लागू पडतात. एखादा इतिहासाचा ग्रंथ घटनांच्या ओघानं वाचवतो, दुसरा एखाद्या शहराचं रोजचं जगणं उभं करतो. माहितीपर पुस्तकांत मात्र आणखी एक गोष्ट येते: वाचकाला त्या पुस्तकातून काय करायचंय. शिकायचंय, एखादी शंका फेडायचीय, की नुसतं कुतूहल आहे? तिन्हींसाठी पुस्तकं वेगळी.

तिसरी पायरी: तीनच नावं, त्यातही क्रम लावून

वीस नावांची यादी पाठवली की आपण खूप मदत केली असं वाटतं. घेणाऱ्याच्या दृष्टीनं निवडीचं काम तसंच शिल्लक राहतं, वर यादीचं दडपण. तीनच्या वर जाऊ नका. तिघांतही फरक ठेवा: पहिलं त्याच्या आवडीला अगदी लागून असलेलं, दुसरं एका बाबतीत वेगळं (दार तेच, विषय निराळा), आणि तिसरं जरा धाडसाचं, ज्याबद्दल तुम्हाला नक्की खात्री नाही पण जुळलं तर वाचकाला नवं काही सापडेल. कोणतं आधी घ्यावं हेही स्पष्ट सांगा. ज्यानं बऱ्याच दिवसांत काही वाचलेलं नाही त्याला एकच नाव द्या, तेही दीडशे पानांच्या आतलं. पहिलं पुस्तक पुरं झालं की दुसरं मागायला तो आपणहून येतो.

स्वतः न वाचलेलं पुस्तक सुचवायचंच नाही, असा कडक नियम काही जण पाळतात. तो चांगला आहे. कधी वाचलेलं नसूनही सांगावंसं वाटलं, तर ‘मी हे वाचलेलं नाही, पण तुझ्या विषयावरचं आहे’ एवढं आधी म्हणा. निम्मंच वाचलं असेल तर तेही सांगा. फार वर्षांपूर्वी वाचलेल्या पुस्तकाची पहिली पंधरा-वीस पानं सुचवण्याआधी पुन्हा चाळून घ्या. आठवणीत पुस्तकाचा वेग वाढलेला असतो, आणि संथ सुरुवात तर हमखास विसरलेली असते.

लेखक ओळखीचा असेल, पुस्तक भेट म्हणून आलं असेल, किंवा अनुवाद, संपादन, मुखपृष्ठ यांत तुमचा हात असेल, तर पहिल्याच वाक्यात सांगा. हे नंतर दुसऱ्याकडून कळलं तर पुढच्या सगळ्या शिफारशींवरचा विश्वास जातो.

चौथी पायरी: पुस्तक सापडेल असा तपशील द्या

सारख्या नावाची दोन-तीन पुस्तकं असणं अजिबात दुर्मीळ नाही. नुसत्या नावावर विसंबलेला वाचक भलतंच पुस्तक आणतो, किंवा त्याच पुस्तकाची संक्षिप्त आवृत्ती आणतो आणि ‘तू सांगितलेलं ते प्रकरण यात नाहीच’ म्हणतो. किमान एवढं लिहून द्या: पुस्तकाचं पूर्ण नाव उपशीर्षकासह, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादक, प्रकाशक, आवृत्ती आणि साल, पानं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दोन फोटो. एक शीर्षकपानाचा आणि एक त्याच्या मागच्या बाजूचा, जिथे प्रकाशक, आवृत्ती आणि आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) छापलेला असतो. मुखपृष्ठाचा फोटो दिसायला छान, पण आवृत्ती बदलली की मुखपृष्ठ बदलतं आणि वाचक दुकानात किंवा ग्रंथालयात तेच चित्र शोधत बसतो.

आयएसबीएनबद्दल थोडं माहीत असावं. हा क्रमांक पूर्वी दहा अंकी होता. १ जानेवारी २००७ पासून तो तेरा अंकी झाला आणि त्याची सुरुवात ९७८ किंवा ९७९ ने होते. शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणितानं काढलेला असतो, त्यामुळे लिहिताना एखादा अंक चुकला की शोधयंत्रणा बहुतेक वेळा तो क्रमांक स्वीकारतच नाही. एकाच पुस्तकाची कच्च्या बांधणीची प्रत, पक्क्या बांधणीची प्रत आणि ई-पुस्तक यांचे क्रमांक वेगवेगळे असतात. म्हणजे तुम्ही पक्क्या बांधणीचा क्रमांक दिलात आणि ती आवृत्ती संपलेली असली, तर ‘पुस्तक उपलब्ध नाही’ असं उत्तर येईल, आणि साधी प्रत मात्र शेजारच्याच कपाटात असेल. नाव आणि क्रमांक दोन्ही द्यायचे ते यासाठी. ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९७० मध्ये आली, त्यामुळे त्याआधी छापलेल्या जुन्या प्रतींवर क्रमांक शोधू नका.

अनुवादित पुस्तकात अनुवादकाचं नाव गाळणं ही नवख्यांची सर्रास होणारी चूक. एकाच मूळ पुस्तकाचे दोन अनुवाद असले तर वाचनाचा अनुभव पार बदलतो. एकात वाक्यं ओघवती, दुसऱ्यात प्रत्येक वाक्य मूळ भाषेच्या चालीनं चालणारं. ‘अनुवाद’, ‘रूपांतर’ आणि ‘संक्षिप्त’ हे शब्द शीर्षकपानावर पाहून घ्या. रूपांतरात पात्रांची नावं आणि स्थळंही बदललेली असू शकतात.

पाचवी पायरी: सात-आठ वाक्यांची शिफारस लिहा

‘अप्रतिम! वाचलंच पाहिजे! हातातून सोडवत नाही!’ यात पुस्तकाबद्दल एकही गोष्ट नाही. हीच तीन वाक्यं कोणत्याही पुस्तकाला चिकटवता येतात. शिवाय ‘वाचलंच पाहिजे’ म्हटलं की पुस्तक हे देणं होऊन बसतं, आणि ‘अप्रतिम’ ऐकून आलेला वाचक तिसऱ्या पानापासूनच त्या अप्रतिमपणाची वाट पाहू लागतो.

आता एका काल्पनिक कादंबरीची शिफारस बघू. नाव, लेखक वगैरे पहिल्या ओळीत दिलंय असं धरा.

‘एका छापखान्यातल्या तीन कामगारांची गोष्ट आहे. छापखाना बंद होणार हे पहिल्याच प्रकरणात कळतं, पुढचं सगळं पुस्तक त्या शेवटच्या सहा महिन्यांचं. तुला माणसांची आपसातली बोलणी वाचायला आवडतात, म्हणून हे सुचवतेय. निम्मं पुस्तक संवादांतच आहे. पहिली चाळीस पानं यंत्रांच्या वर्णनात जातात. तिथे कंटाळा येऊ शकतो, पण ती गाळू नकोस, पुढे त्या यंत्रांवरच सगळं येऊन ठेपतं. एका पात्राचं लांबलेलं आजारपण आहे. २३० पानं, प्रकरणं पाच-सहा पानांची, अक्षर मोठं.’

पहिल्या दोन वाक्यांत पुस्तक कशाबद्दल आहे ते आलं, आणि गोष्ट फुटली नाही. तिसऱ्या वाक्यात ‘तुला’ आहे. संपूर्ण शिफारशीचा कणा तोच: तू असा वाचक आहेस, आणि पुस्तकात त्याला जुळणारं हे आहे. हे वाक्य लिहिता येत नसेल तर ते पुस्तक त्या माणसासाठी नाही असं समजा आणि दुसरं शोधा. त्यानंतरची अडचणीची खूण पानांच्या आकड्यासह दिलीय, म्हणजे वाचकाला कळतं की कंटाळा आला तर तो अपेक्षितच आहे आणि कुठपर्यंत टिकायचं. मग आजारपणाची सूचना. शेवटी आकार.

अडचण सांगितली तर समोरचा वाचणारच नाही, ही भीती मनातून काढून टाका. न सांगितलेली अडचण वाचकाला एकट्याला गाठते आणि मग तो पुस्तक ठेवून देतो, वर ‘आपल्यालाच कळत नाही बहुतेक’ असं वाटून घेतो. नवीन वाचकाच्या बाबतीत हे फार वाईट.

गोष्ट किती सांगायची? मलपृष्ठावरच्या मजकुराइतकी, किंवा फार तर पहिल्या चतुर्थांशात घडतं तेवढी. मात्र काही मलपृष्ठंच अर्धी गोष्ट सांगून टाकतात. तसं असेल तर ‘मलपृष्ठ आधी वाचू नकोस’ हीसुद्धा उपयोगी शिफारस. ‘शेवटी जबरदस्त धक्का आहे’ हे वाक्य निरुपद्रवी वाटतं, पण तेही रहस्य फोडणंच आहे. ते ऐकलेला वाचक प्रत्येक पात्राकडे संशयानं बघत राहतो आणि धक्का यायच्या आधीच ओळखतो.

लहान मुलाचा मृत्यू, आत्महत्या, लैंगिक अत्याचार, जनावरांवरची क्रूरता: यातलं काही पुस्तकात ठळकपणे येत असेल तर एका ओळीत सांगून ठेवा. कोणाच्या बाबतीत, कुठे, कसं, हे सांगायची गरज नाही. समोरच्याच्या घरात नुकतंच काय घडून गेलंय हे आपल्याला प्रत्येक वेळी ठाऊक नसतं.

पुस्तकाच्या प्रकारानुसार काय बदलतं

कवितासंग्रह सबंध सुचवू नका. एक कविता निवडा, पान क्रमांक द्या, शक्य असेल तर समोर बसून मोठ्यानं वाचून दाखवा. ती भिडली तर संग्रह आपोआप उचलला जाईल. कवितेबद्दल बोलून कविता पोचवता येत नाही. कथासंग्रहाचंही थोडंफार असंच. संग्रहातली पहिली कथा सगळ्यात चांगली असतेच असं नाही, म्हणून ‘चौथ्या कथेपासून सुरू कर’ असं सांगा.

मालिकेतलं पुस्तक असेल तर एकूण भाग किती, मालिका पूर्ण झालीय का, आणि कुठून सुरुवात करायची, हे तिन्ही सांगायला हवं. काही मालिकांत नंतर लिहिलेला भाग आधीच्या काळात घडतो. अशा वेळी पहिल्यांदा वाचणाऱ्यानं प्रकाशनाच्या क्रमानं वाचलेलं बरं. नंतरचा भाग लिहिताना लेखकानं वाचकाला आधीचं माहीत आहे असं धरलेलं असतं, आणि त्या भागात आधीच्या पुस्तकांची रहस्यं उघडी पडलेली असतात.

माहितीपर पुस्तकांत आवृत्ती हा जीव की प्राण. आरोग्य, कायदा, कर, संगणक या विषयांवरची जुनी आवृत्ती चुकीचा सल्ला देऊ शकते. ‘पुनर्मुद्रण’ असं छापलेलं असेल तर मजकूर जुनाच आहे, फक्त कागद नवा. ‘सुधारित आवृत्ती’ असेल तर प्रस्तावनेत काय बदललं ते दिलेलं असतं, ते आधी बघा. वाचकाला आधीचं किती माहीत असावं लागतं, प्रकरणं सुटी वाचता येतात का, शेवटी शब्दसूची आहे का, हेही सांगावं. विज्ञानाच्या पुस्तकाबद्दल ‘सोपं आहे’ म्हणू नका. ‘शाळेतलं गणित पुरतं’ किंवा ‘सहाव्या प्रकरणात समीकरणं येतात, ती सोडली तरी चालतं’ असं म्हणा.

मुलांच्या पुस्तकात दोन वाचक असतात, ऐकणारं मूल आणि वाचून दाखवणारं मोठं माणूस. दोघांचाही विचार करा. मूल स्वतः वाचणार असेल तर वयापेक्षा ते सध्या कोणतं पुस्तक न अडखळता वाचतं ते विचारा. नव्या पुस्तकाचं मधलंच एक पान त्याला मोठ्यानं वाचायला द्या. एका पानात पाचाहून जास्त शब्दांवर अडलं तर ते पुस्तक सध्या वाचून दाखवण्यासाठी ठेवावं.

श्राव्य पुस्तक सुचवताना वाचणाऱ्याचा आवाज हा अर्धा मामला आहे. निवेदक कोण, एकूण तास किती, मजकूर पूर्ण आहे की संक्षिप्त, एवढं सांगा आणि पाच मिनिटांचा नमुना आधी ऐकायला लावा. नकाशे, तक्ते, भरपूर तळटिपा असलेली पुस्तकं ऐकण्यासाठी सुचवू नयेत. छोट्या पडद्याच्या वाचनयंत्रावरही ती नीट दिसत नाहीत.

सगळे मिळून सुचवता तेव्हा

पाच ते आठ जण, एक तास, आणि प्रत्येकाचं एकच पुस्तक: हे माप चांगलं जमतं. आठ जण असले तरी प्रत्येकाला सहा-सात मिनिटं मिळतात. त्यातली दोन-अडीच मिनिटं पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचायला द्या, कारण लेखकाची भाषा कशी आहे हे सांगून कळत नाही, ऐकून कळतं. वाचायचं पान घरून ठरवून, खूण घालून आणावं. आयत्या वेळी पानं उलटत बसलं की वेळही जातो आणि नको तो उतारा वाचला जातो. मग दोन मिनिटं ‘हे कोणाला आवडेल आणि कोणाला नाही’ यावर बोला, आणि उरलेला वेळ प्रश्नांना द्या.

अशा बैठका बिघडतात त्या ठरलेल्या तीन-चार कारणांनी. एक जण आख्खं कथानक सांगत सुटतो, आणि मग ते पुस्तक कोणालाच वाचावंसं वाटत नाही. त्यावर उपाय म्हणजे घड्याळ, आणि वेळ झाली हे सांगायचं काम आधीच एकाकडे सोपवलेलं असणं. दुसरं म्हणजे तीच पाच गाजलेली पुस्तकं फिरून फिरून येतात. मग अधूनमधून बंधन घालून बघा: या वेळी फक्त अनुवाद, पुढच्या वेळी दोनशे पानांच्या आतलं, त्यानंतर असा लेखक जो इथे कोणीच वाचलेला नाही. तिसरं, फार वाचलेली मंडळी बोलत राहतात आणि नवा माणूस गप्प बसतो. नव्यानं आलेल्याला पहिली किंवा दुसरी पाळी द्या. सगळ्यात शेवटी दिली तर तोवर त्याचा धीर सुटलेला असतो. आणि चौथं, यादी कोणी ठेवत नाही. प्रत्येक वेळी एकानं नाव, लेखक, सुचवणारा आणि कारणाचं एक वाक्य एवढं लिहून ठेवावं, आणि शेजारी एक रिकामा रकाना ठेवावा: ‘कोणी वाचायला घेतलं’. दोन-तीन महिन्यांनी त्या रकान्याकडे पाहिलं की कोणत्या प्रकारच्या शिफारशी लागू पडतात ते गटालाच कळतं.

एखाद्याच्या आवडत्या पुस्तकाबद्दल ‘मला तर मुळीच आवडलं नाही’ असं लगेच म्हणू नका. त्याचं बोलणं पूर्ण होऊ द्या, नंतर कुठे अडलं ते पान किंवा प्रसंग सांगून बोला. ‘भंपक पुस्तक’ या शब्दांनी चर्चा तिथल्या तिथे मिटते. ‘मधल्या भागात लेखक पात्राच्या वतीनं भाषण करतोय असं वाटलं’ म्हटलं की ती सुरू होते, आणि ऐकणाऱ्या तिसऱ्याला पुस्तक आपल्यासाठी आहे की नाही ते ठरवता येतं.

शिफारस करून झाल्यावर

‘वाचलंस का?’ असं दर भेटीत विचारू नका. लोक मग टाळायला लागतात, आधी पुस्तक आणि नंतर तुम्हाला. महिन्या-दीड महिन्यानं एकदाच, तेही ‘ते पुस्तक जमलं का, की दुसरं बघू?’ असं विचारा. या प्रश्नात ‘नाही’ म्हणायची सोय आहे.

अर्धवट सोडणं हा वाचकाचा हक्क आहे. नॅन्सी पर्ल यांचाच याबाबतीत एक हिशेब आहे: पन्नाशीपर्यंतच्या वाचकानं पन्नास पानं वाचून बघावीत, पन्नाशी ओलांडली असेल तर शंभरातून वय वजा करून जेवढी उरतील तेवढी. साठीच्या वाचकानं चाळीस, सत्तरीच्या वाचकानं तीस. तेवढ्यात पकड बसली नाही तर पुस्तक बिनदिक्कत ठेवून द्यावं. हे सुचवतानाच सांगितलं की समोरच्यावरचं ओझं उतरतं, आणि गंमत म्हणजे मग तो जास्त मोकळेपणानं सुरुवात करतो.

नाही आवडलं असं कळलं तर पुस्तकाची वकिली करू नका. कुठे थांबलास, तेव्हा काय चाललं होतं, एवढंच विचारा. उत्तरावरून दार चुकलं, वेळ चुकली की भाषेचा अडथळा आला ते समजतं, आणि पुढची निवड त्यावर करता येते. तुम्ही शिफारस घेणारे असाल तेव्हाही हीच रीत पाळा. नाव टिपताना कोणी सुचवलं आणि का, हे सोबत लिहा. सहा महिन्यांनी नुसतं नाव पाहून काही आठवत नाही. वाचून झालं की सुचवणाऱ्याला एक ओळ तरी कळवा, आवडलेलं नसलं तरी. कळवणाऱ्यालाच पुढे नेमकी पुस्तकं मिळत जातात, कारण त्याची आवड सुचवणाऱ्याला नीट कळत जाते.

बराच काळ हे करणार असाल तर प्रत्येक वाचकमित्रासाठी वहीत एक पान ठेवा. काय सुचवलं, कधी, काय झालं. तेच पुस्तक त्याच माणसाला दुसऱ्यांदा सुचवणं टळतं, आणि एखाद्याला आपण सतत एकाच लेखकाची पुस्तकं देतोय हेही दिसून येतं.

पुस्तक सुचवण्याबरोबर स्वतःची प्रत वाचायला देणार असाल तर आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं नाव घाला. कोणाला, कोणत्या तारखेला दिलं ते लिहून ठेवा आणि परत कधी हवं ते देतानाच सांगा. चार ते सहा आठवडे पुष्कळ होतात. परत मागणं अवघड वाटेल अशी प्रत, म्हणजे स्वाक्षरीची, आता छापली न जाणारी, समासात स्वतःच्या नोंदी असलेली, बाहेर देऊच नये. तिचा तपशील द्यावा आणि दुसरी प्रत शोधायला मदत करावी. संपूर्ण पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ पुढे पाठवणं मात्र टाळा. बर्न करारानुसार (स्वामित्वहक्काबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) पुस्तकाचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं राहतो, अनेक देशांत ६० किंवा ७०. हक्काची मुदत संपलेली पुस्तकं खुशाल पाठवा. बाकीच्यांसाठी ग्रंथालय, जुन्या पुस्तकांचा विक्रेता, किंवा प्रकाशकानं स्वतः उपलब्ध करून दिलेली नमुन्याची पानं. हे पुस्तक आपलं आहे की नाही ते ठरवायला पहिल्या प्रकरणाचा नमुना बहुतेक वेळा पुरतो.